अक्काला घरी काही काम नव्हतं

महानंदा अक्का आपल्या जेवणाच्या डब्याची कडी जोरात लावायची. दोन पुडांचा स्टीलचा डबा, कडी जुनी आणि घट्ट. ती लागताना ‘खट्’ असा आवाज व्हायचा आणि साड्यांच्या सगळ्या मजल्यावर ऐकू जायचा. दुपारचं जेवण झालं की अक्का डबा धुऊन गादीमागं पंख्याखाली उघडाच वाळत ठेवायची. संध्याकाळी साडेसात वाजले की कडी लागायची. लातूरला गोलाईजवळच्या त्या कापडाच्या दुकानात मी बिलिंगला होते. तो आवाज आला की मालकाच्या आधी आमच्यातल्या बायकांचेच चेहरे उतरायचे.

का, ते कळायला साड्यांच्या दुकानातली संध्याकाळ माहीत पाहिजे. लग्नाचा बस्ता बांधायला एक कुटुंब येतं. त्यांना घ्यायच्या असतात पाच-सहा साड्या, पण गादीवर पन्नास उघडायला लावतात. असं दिवसभर चालतं. संध्याकाळी गादीवर रंगीत ढीग पडलेला असतो आणि त्यातली एकेक साडी पुन्हा काठाला काठ लावून, पदर वर आणून, होती तशी घडी करून कपाटात जायला लागते. आमच्याकडे साडेसातला जिन्याच्या तोंडाचं शटर अर्धं खाली यायचं, सगळ्यांनी मशीनवर अंगठा लावून दिवस संपवायचा, आणि मग घड्या घालायला बसायचं. लग्नसराईत तास, दीड तास. मालक म्हणायचे, “काम संपलं, आता नुसत्या घड्या.” जणू घड्या म्हणजे कामानंतरची करमणूक. त्याचा पगार नव्हता. त्याचे भजे होते. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून कागदात बांधून गरम भजे यायचे, वर चहा, आणि बायका तेलकट बोटं परकराला पुसून जरीला हात लावायच्या.

मालकाला सगळे अप्पा म्हणायचे. अप्पांनी कधी आवाज चढवला नाही. कपाळावर विभूती, अंगात पांढरा सदरा, बोलणं लोण्यासारखं. आणि अप्पांनी एक रीत पाडली होती. ज्या बाईला घड्यांना थांबायचं नसेल तिनं त्यांच्या टेबलापाशी जाऊन कारण सांगायचं. अप्पा मान खाली घालून ऐकायचे, उसासा टाकायचे, एखादा प्रश्न विचारायचे, “ताप उतरला का लेकराचा?” आणि म्हणायचे, “जा बेटा, घर आधी.” बाई डोळे पुसत जिना उतरायची. तिला वाटायचं अप्पा देवमाणूस. सुटायची वेळ तिची स्वतःचीच होती, ही गोष्ट त्या जिन्यावर कुणाला आठवायची नाही.

त्यामुळं आमच्या दुकानातल्या बायकांची घरं म्हणजे दवाखाने झाले होते. पैठणीच्या काउंटरवरच्या सुषमाचा पोरगा आठवड्याला आजारी पडायचा. बिचारा खरं तर दणकट होता, एकदा दुकानात आला तर त्यानं पुतळ्याचा हात मोडला. कुणाच्या नणंदेचे दिवस भरलेले असायचे ते भरलेलेच. कारणं वाटून घेतलेली असायची, एका दिवशी दोघींच्या सासवा पडायच्या नाहीत याची काळजी घेतली जायची.

अक्का कारण सांगायची नाही.

मी कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात ते पाहिलं. कडी लागली. अक्का उठली, चप्पल घातली, मशीनवर अंगठा लावला. अप्पा टेबलावरून म्हणाले, “महानंदा अक्का, निघालात?”

“हाव.”

“घरी काय काम निघालं?”

“काय न्हाई.”

“मग?”

“बसायचंय.”

भज्यांच्या कागदाभोवती बसलेल्या बायका हसल्या. अप्पापण हसले. तापाला विचारता येतं, उतरला का. बसण्याला काय विचारणार. अक्का अर्ध्या शटरखालून वाकून गेली. उंच बाई होती, तिला बरंच वाकावं लागायचं, आणि रोज त्या शटरला ती कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटायची, ते बहुतेक चांगलं नसायचं.

ती उदगीरकडची. कर्नाटकाच्या हद्दीला लागलेलं गाव, घरात कन्नड, बाहेर मराठी. ‘साकु’ हा तिचा शब्द. साकु म्हणजे पुरे. गिऱ्हाइकानं फार घासाघीस केली की साकु. सुषमा नवऱ्याचं रडगाणं लावायला लागली की साकु. गळ्यात लिंग, अंगावर कायम इरकल साडी. दुकानातली साडी तिनं कधी नेसली नाही. म्हणायची, “ह्या साड्याला मी आतून वळखते.”

फार गोड बाई होती असं मी लिहिणार नाही. नव्हती. डब्यातलं कुणाला द्यायची नाही. गादीवरची तिची बसायची उशी दुसऱ्या कुणी घेतली तर दिवसभर टोमणे. स्वतःची तारीफ स्वतःच करायची. “ह्या लातुरात माझ्यासारखी साडी उघडणारी दुसरी दाखव, तिच्या घरी पाणी भरते.” खरंही होतं ते. पदर हातावर घेऊन ती असा झटका द्यायची की साडी हवेत लांब होऊन गिऱ्हाइकाच्या मांडीवर अलगद उतरायची आणि गिऱ्हाईक आपोआप हात फिरवायचं. आणि तोंडाला तर कुलूपच नव्हतं. एकदा औशाकडची एक धिप्पाड बाई पिवळ्या साडीवर अडून बसली. अक्का म्हणाली, “ताई, घ्या, पण लग्नात तुमी कोण आणि हळदीचं पातेलं कोण, कळायचं न्हाई.” मी बिलिंगवर श्वास रोखला. ती बाई आधी लाल झाली, मग खदखदा हसली, आणि हिरव्या दोन घेऊन गेली. नंतर दरवेळी ती अक्कालाच विचारत यायची.

मला ती ग्रॅज्युएट म्हणायची. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती ते मला कधी ठरवता आलं नाही. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. मुदखेडकडं गाव, शिकायला मामाकडं लातूरला आले, बीए झाले. माझे वडील आजही कागदावर अंगठा लावतात, आणि मी बीए होऊन रोज दोनदा मशीनवर अंगठाच लावत होते. हा विनोद माझा मी करते, दुसऱ्यानं केलेला मला चालत नाही. अक्कानं तो कधी केला नाही, एवढं तिच्या बाजूनं सांगते.

बसायचंय म्हणजे काय, ते मी तिला एकदा जेवताना विचारलं.

“बसायचंय म्हंजे बसायचंय. उंबऱ्यावर.”

“आणि?”

“आणि काय? माणसं जातेत, गाड्या जातेत. समोरची म्हातारी शेंगा निवडती. बघत बसते.”

मग ज्वारीची भाकरी मोडता मोडता तिनं सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हापासून सासूनं तिला दिवेलागणीला कधी टेकू दिलं नाही. सुनेनं त्या वेळेला उंबऱ्यावर बसायचं नाही, घरातून लक्ष्मी निघून जाते म्हणायची. काम नसलं तर सासू काम काढायची, निवडलेलं धान्य पुन्हा निवडायला द्यायची. नवरा आधी गेला, लेक लग्न होऊन बिदरला गेली, सासू मात्र टिकली. शेवटी तीही गेली.

“तिला माती देऊन आलो,” अक्का म्हणाली, “पाव्हणे गेले, आणि दिवे लागायच्या टायमाला मी उंबऱ्यावर जाऊन बसले. लई रडले. लोकाला वाटलं सासूसाठी रडून राहिली. पाय मोकळे सोडून बसले होते गं मी. तेव्हापासून रोज बसते. ते आता अप्पाला देऊ? चार भज्याला?”

सुषमा ऐकत होती. ती म्हणाली, “तुझं बरं हाय अक्का. तुला मागं ना पुढं कोन. आमाला लेकरं हायत, आमी कारण सांगून तरी सुटतो. तू बिनकारणाची जातीस, अन् मग अप्पा आमाला खोदून खोदून विचारतेत.”

“मग तू बी नको सांगू.”

“अन् काढून टाकलं म्हंजे?”

“मला कुठं काढलं?”

“तू साड्या इकतीस म्हनून,” सुषमा म्हणाली. अक्का डबा उचलून धुवायला गेली. सुषमाचा नवरा दोन वर्षांपासून घरी बसून होता, तिच्या पगारावर घर चालायचं. मी सुषमाला नावं ठेवत नाही. पण राग येतो तो येतोच.

दिवाळीच्या तोंडावर अप्पांनी कारणं बंद केली. सगळ्यांना बोलावून हात जोडून म्हणाले, “सणाचे दिवस हायत. दुकान आपल्या सगळ्यांचं हाय. घरच्यासारखं समजून थांबा.” साडेसातला बायका मशीनपाशी ओळीनं उभ्या राहिल्या, अंगठा लावून परत गादीवर आल्या.

अक्कानं डब्याची कडी लावली नाही. म्हणाली, “बरं. घालते घड्या.” आणि मशीनकडं न जाता खाली बसली. सगळ्या कपाटांच्या घड्या झाल्या, भजे संपले, तेव्हा ती उठली, मशीनपाशी गेली आणि आता अंगठा लावला. त्या मशीनमधून एका बाईचा आवाज यायचा, ‘थँक्यू.’ अक्का तिला म्हणाली, “तूच एकटी म्हनलीस गं.”

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवसापासून अप्पांचं हसणं कमी झालं. दिवाळीपर्यंत अक्का रोज तसंच करत राहिली. उशिरापर्यंत घड्या, मग अंगठा. तिचा हिशेब सरळ होता, जेवढं थांबले तेवढं मशीनला कळू दे, मशीन खोटं बोलत नाही. एवढीच तिची चूक झाली. मशीनची हजेरी माझ्या संगणकावर यायची. महिन्याच्या शेवटी मी उघडली तर अक्कापुढं रोज साडेसात. अप्पांच्या पुतण्यानं आत काहीतरी बदल केला होता, साडेसातनंतर कधीही अंगठा लावा, नोंद साडेसातचीच.

मी अक्काला सांगितलं. तिनं मशीनकडं पाहिलं.

“ग्रॅज्युएट,” मग म्हणाली, “तू शिकलेली हायस ना. लिही.”

मी लिहिलं. कामगार कार्यालयाला अर्ज. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम घेतलं तर त्याचे दुप्पट दरानं पैसे द्यावे लागतात, हे मला तोवर माहीत नव्हतं, अर्जासाठी शोधलं तेव्हा कळलं. अक्कानं ऐकलं आणि म्हणाली, “पैसे र्‍हाऊ दे. मला साडेसातला जाऊ द्या, येवढंच लिही.” मी दोन्ही लिहिलं. खाली सह्यांना भरपूर जागा सोडली. सगळ्या बायकांना दाखवला. कुणाला चष्मा सापडेना, कुणाला नवऱ्याला विचारायचं होतं. शेवटी दोन नावं गेली, अक्काचं आणि माझं.

कामगार खात्याचे साहेब दुपारी आले. ते येणार हे अप्पांना आमच्या आधी कळलेलं दिसत होतं, कारण गादीवर नवी चादर होती आणि भजे दुपारीच आले होते. साहेबांनी बायकांना विचारलं, “जादा वेळ थांबवतात का?”

सुषमा पुढं झाली. “न्हाई साहेब. आमी आपल्या मर्जीनं थांबतो. घरच्यासारखं हाय.” बाकीच्यांनी माना हलवल्या.

मग साहेब अक्काकडं वळले. मवाळ माणूस होता, मुद्दाम वाईट वागला असं मी म्हणणार नाही. त्यानं भजं खाली ठेवून विचारलं, “बाई, तुमची अडचण काय आहे?”

“सुटायच्या टायमाला सोडत न्हाईत.”

“ते लिहिलंय. पण घरी काही अडचण? लहान मूल?”

“न्हाई.”

“आजारी कोणी?”

“कोन न्हाई. एकटीच हाय.”

“मग उशीर झाला तर अडतं कुठं?”

अक्कानं त्यांच्याकडं पाहिलं, मग अप्पांकडं पाहिलं. दोघांचा प्रश्न एकच होता.  मला राहवलं नाही. मी म्हणाले, “साहेब, अडचण असेल तरच वेळेवर सोडा, असं कायद्यात कुठं आहे?”

“तू किती शिकलीस?”

“बीए.”

“मग इथं कशाला वेळ घालवतेस? स्पर्धा परीक्षा दे,” साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. अप्पा सगळ्यात मोकळं हसले. कागदावर ‘कर्मचारी समाधानी आहेत’ असं लिहून साहेब गेले. जिन्यापर्यंत सोडायला अप्पा स्वतः गेले.

आता कुणी म्हणेल, अप्पांनी अक्काला काढलं असेल. नाही. अप्पा तसले नव्हते. त्यांनी तिला खाली, तळमजल्यावर, परकर आणि अस्तराच्या काउंटरवर बसवलं. म्हणाले, “अक्का, तुमचंच बरोबर होतं. हितं घड्याच न्हाईत. रोज साडेसातला जावा, मी विचारणार न्हाई.” तिला जे पाहिजे होतं ते दिलं, आणि तिचं जे होतं ते काढून घेतलं. परकर कोण उघडून बघतं? रंग सांगायचा, माप सांगायचं, पिशवीत घालायचं. ज्या हातानं साडी हवेत लांब व्हायची तो हात दिवसभर अस्तर फाडत बसला. औशाची ती बाई एकदा आली, वर गेली, अक्का कुठंय विचारलं. सुषमा म्हणाली, “खाली परकरात हाय,” आणि वरच्या बायका हसल्या. पण साडेसातला खालून ‘खट्’ ऐकू यायचंच. वर घड्या घालणाऱ्या बायका त्या आवाजाला मान वर करायच्या नाहीत.

अक्कामुळं आपली कारणं गेली, असं सगळ्या म्हणायला लागल्या. अर्जानंतर अप्पांनी कारणं पुन्हा चालू केली होती, पण नवी रीत काढून. लवकर जायचं तर एक दिवस आधी दुकानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहायचं. उद्याचा ताप आजच सांगायचा. वेळेवर सुटायला त्या ‘लवकर’ म्हणत होत्या, हे त्यांच्या लक्षातही येत नव्हतं.

उन्हाळ्यात एके दिवशी अक्का आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लातुरात दुसऱ्या दुकानांत तिनं विचारून पाहिलं होतं, पण दुकानदारांची एकमेकांत ऊठबस, अर्ज करणारी बाई कुणाला नको होती. नांदेडला बहिणीकडं गेली, एवढं कळलं. महिन्याभरात अप्पांनी मलाही गोड आवाजात सांगितलं, की बिलिंगला आता पुतण्याच बसेल. मीही नांदेडला आले. एका खाजगी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. सहाला सुटते, असं नेमणुकीच्या पत्रात आहे.

मागच्या लग्नसराईत बहिणीच्या लग्नासाठी आईला घेऊन साड्या घ्यायला गेले. नवं दुकान, तीन मजली, काचेचं, थंडगार. आम्ही गादीपाशी बसलो आणि समोर अक्का. इरकल गेलेलं. दुकानाचा निळा गणवेश, छातीवर नावाची पट्टी, तिच्यावर नुसतं ‘नंदा’. तिनं मला ओळखलं, पण तोंडावर दाखवलं नाही. आईला साड्या दाखवल्या. तो झटका तसाच होता. आईचा हात आपोआप साडीवरून फिरला.

मी पुढं वाकून म्हणाले, “अक्का, ग्रॅज्युएट.”

“दिसतंय,” ती खाली बघूनच म्हणाली. “सुटतीस का येळंवर?”

मी समोरच्या साडीचा काठ चाचपायला लागले. ती म्हणाली, “साकु. समजलं.”

आमचं बिल होत होतं तेव्हा शटर खाली यायला लागलं. गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण मॅनेजर आला. गादीवरच्या ढिगाकडं बोट करून म्हणाला, “नंदा मावशी, आज हे सगळं लावूनच जायचं हं.”

अक्का उठून उभी राहिली. खांदे थोडे आत घेतले, मला वाटलं तिचं पोट दुखतंय. असा आवाज मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता.

“सर, सासूबाईला दवाखान्यात न्यायचं होतं. उठता येत न्हाई त्यास्नी. घरी दुसरं कोन न्हाई.”

“परवापण तेच होतं ना?”

“डायलिसिस हाय सर. दिवसाआड करावं लागतं.”

मॅनेजरनं उसासा टाकला. “बरं, जा. पण उद्या भरून काढा.”

“लई उपकार झाले सर.”

तिनं गादीमागून डबा काढला. तोच, दोन पुडांचा. कडीवर अंगठा ठेवून हळूच दाबली, आवाज झाला नाही. माझ्याकडं न बघता माझ्या बाजूनं निघून गेली.

जिना उतरताना आई म्हणाली, “ह्या वयात सासूचं करून राहिली. पुण्यवान बाई हाय.”

बाहेर दिवे लागले होते. रस्त्याच्या पलीकडं एक बँक होती, बंद झालेली. तिच्या पायरीवर अक्का बसली होती. डबा शेजारी ठेवलेला, पाय लांब सोडलेले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडं बघत होती. आईनं तिला पाहिलं आणि माझा हात ओढला.

“अगं, ती बग. म्हातारी घरी पडलीय अन् ही हितं बसलीय.”

“बसू दे,” मी म्हणाले.